दोन बोटांची अंगठी

मित्रांनो, मला घालायला एक बोट पुरत नाही. माझ्या पाठीला दोन कड्या आहेत आणि त्या दोन्हींवर मिळून चांदीचं एकच पसरट पान आहे. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही एकदम आत गेली तरच मी हातावर बसते. आता मी जुनी झाले आहे. चांदीची असले तरी फार महागाची नाही. माझ्या मधोमध एक फिरोजा आहे, पण पाहणाऱ्याला तो फिरोजा वाटत नाही. तो असा का झाला, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी कझाकस्तानातल्या शिमकेंत शहरातली. आमच्याकडे विहिणीला कुदागी म्हणतात आणि माझ्यासारख्या अंगठीला कुदागीची अंगठी. मुलगी सासरी जाऊन रुळते, सासू तिला मायेने वागवते, आणि मग कधीतरी मुलीची आई येऊन विहिणीच्या हातात अशी अंगठी घालते. तुम्ही माझ्या लेकीला सांभाळलंत, आता आपली दोन घरं या दोन बोटांसारखी, असा त्याचा अर्थ. म्हणजे माझा जन्मच मुळी आभार मानण्यासाठी होतो. माझ्या बाबतीत मात्र हे आभार फार लवकर मानले गेले. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मला घडवून घेणारी उल्बोसिन. ती रजया शिवून पोट भरायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी बालझान हिचं लग्न ठरलं होतं. सासर बसने दोन तासांवर, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी. मुलगा दुइसेन मालमोटार चालवायचा, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. त्याची आई कान्शायिम. तिला उल्बोसिन दोनदाच भेटली होती. दुसऱ्या भेटीत कान्शायिमने लग्नाच्या रजईची कड उलटी करून टाके पाहिले आणि "शिवण बारीक आहे," एवढंच म्हणाली. ती स्तुती होती की आणखी काही, हे उल्बोसिनला कळेना. तिची झोप उडाली. वर्षभर थांबायचं नाही, लग्नातच अंगठी द्यायची, असं तिने ठरवून टाकलं. हातात आपली अंगठी असली की पोरीला बोलताना त्या बाईची जीभ जरा तरी आवरेल, असं तिने शेजारणीला सांगितलं.

ती बाजारात गेली. सोन्याच्या दुकानांकडे तिने मान वळवली नाही. चांदीच्या चांगल्या दुकानांत अंगठ्या सुरेख होत्या, पण एकेकीची किंमत तिच्या अख्ख्या हिवाळ्याच्या कमाईइतकी. मग ती बाजाराच्या दाराशी, तबकं मांडून बसलेल्या विक्रेत्यांकडे आली. तिथे लखलखाट होता आणि भाव तिच्या आवाक्यातले होते. पण तिच्या खिशात शिवणकामाच्या टाचण्या उचलायचं छोटं चुंबक होतं. ते तिने सहज तबकावर धरलं, तर तीन अंगठ्या उड्या मारून त्याला जाऊन चिकटल्या. चांदीला चुंबक लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. विक्रेत्यालाही ठाऊक असावं, कारण त्याने तबक झाकलं आणि बाजारात चुंबक घेऊन फिरणाऱ्या बायकांविषयी बरंच काही बोलला.

हे सगळं मी नंतर ऐकलं. तेव्हा मी अजून चमचे होते.

उल्बोसिनच्या घरी सोव्हिएत काळातले चहाचे सहा चमचे होते. दांड्यावर ताऱ्याचा बारीक शिक्का, शेजारी चांदीचा आकडा. त्यातले चार रुमालात बांधून ती म्हाताऱ्या ओतेगेनकडे गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याची एक खिडकी होती, तेच त्याचं दुकान. तीन चमचे माझ्यासाठी आणि एक त्याच्या मजुरीसाठी, असं ठरलं. खडा विकत घ्यायची तिची ऐपत नव्हती. तिच्याकडे फिरोजाचं एक कानातलं होतं, त्याचा जोडीदार कधीच हरवलेला. त्यातला खडा काढायचा ठरला.

ओतेगेनने मला मुशीत वितळवलं, ओतलं, ठोकून पान केलं. दोन कड्या झाळून जोडल्या, कडेला बाजरीच्या दाण्यांसारखे रवे बसवले आणि मधल्या कोंदणात तो आकाशी खडा दाबला. मी देखणी झाले होते, असं म्हणायला मला आज संकोच वाटत नाही.

मला उल्बोसिनच्या हाती देताना तो म्हणाला, "पोरी, नीट ऐक. चमच्यांच्या चांदीत तांबं बरंच असतं. ही काळी पडणार. पडली की मऊ, कोरड्या कापडाने पुसायची. फारच काळवंडली तर खडूची बारीक पूड घेऊन नुसत्या चांदीवर फिरवायची. फिरोजाला मात्र साबण, सोडा, तेल काही लागू द्यायचं नाही. तो दगड तहानलेला असतो, समोर येईल ते पितो. गरम पाणी तर नकोच. कामाला जाताना काढून ठेवायची. एवढं सगळं तुझ्या कुदागीला सांग."

उल्बोसिनने मान हलवली. सांगायचं तिच्या मनात खरोखरच होतं.

लग्नात तिने मला कान्शायिमच्या बोटांत घातलं. कान्शायिमने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आत्ताच?" उल्बोसिन नुसती हसली. सांगायचे शब्द तिच्या ओठांवर आलेच होते, तेवढ्यात कोणीतरी विचारलं, कुठल्या दुकानातून घेतली हो? तिला वाटलं, आता काळी पडेल म्हणून सांगितलं तर स्वस्तातली वस्तू आणली असं चारचौघांत होईल. नंतर सांगू, असं म्हणून तिने शब्द गिळले. ते नंतर काही आलंच नाही. मला सगळं ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं. तेव्हापासूनच्या या अस्वस्थपणाची मला सवय झाली आहे.

कान्शायिम झऱ्यावरच्या आरोग्यधामात बायकांच्या स्नानगृहात कामाला होती. ते पाणी गंधकाचं. सांधे धरलेल्या बायका लांबून येऊन त्यात बसत. पाण्यात उतरण्याआधी दागिने काढा, अशी पाटी तिथे होती, पण ती चोरीच्या भीतीने लावली आहे, असंच कान्शायिमला इतकी वर्षं वाटत होतं. तिच्या दुसऱ्या हातात पांढऱ्या धातूची एक साधी अंगठी दहा वर्षं होती आणि त्या पाण्यात तिला कधी काही झालं नव्हतं.

लग्नानंतरच्या सोमवारी ती मला घालून कामावर गेली. मित्रांनो, मला दाखवायला गेली ती. आल्या आल्या तिने हात उगाचच दोनदा सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला. तिला माझा अभिमान वाटत होता, हे मी विसरू शकत नाही. पण दुपारपर्यंत मी आधी पिवळट झाले, मग जांभळी, मग काजळासारखी काळी. जेवणाच्या वेळी तिची सोबतीण रौशान म्हणाली, "कुदागीने तव्याचा काठ कापून पाठवला वाटतं." सगळ्या हसल्या. कान्शायिमही हसली. घरी जाताना मात्र तिचा हात बसमध्ये सबंध वेळ खिशात होता.

त्या दिवसापासून मी खिडकीच्या कट्ट्यावर पडले आणि बालझानच्या वाट्याला टोमणे आले. बालझान सकाळी उठून रीतीप्रमाणे वाकून सासूला सलाम करायची आणि चहा ओतायची. कान्शायिम पेल्यात बघून म्हणायची, "फिका झालाय. तुमच्याकडे सगळंच वरून चकचकीत आणि आतून असं असतं का, सूनबाई?" बालझान पेला परत घेऊन चहा पुन्हा ओतायची. दुइसेन बाहेरगावी होता. आपल्या आईने खोटी चांदी दिली, हे ती मानायला तयार नव्हती, पण मी तिच्या समोरच काळी ठिक्कर पडले होते.

एका दुपारी सासू कामावर असताना तिने मला उचललं. पातेल्यात पाणी उकळलं, तळाशी ॲल्युमिनियमचा पातळ कागद घातला, मूठभर सोडा टाकला आणि मला त्यात सोडलं. चांदी अशी साफ होते, हे तिला शेजारणीने सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. माझा काळेपणा बघता बघता निघून गेला. पण माझ्या मधला खडा पीत होता. सोडा पीत होता, उकळतं पाणी पीत होता. बाहेर आले तेव्हा मी लख्ख पांढरी होते आणि फिरोजा साचलेल्या डबक्यासारखा हिरवट झाला होता. घाबरून तिने त्यावर तेल चोळलं. त्याने तो आणखी मळकट दिसू लागला. मग दात घासायच्या पुडीने घासला, नुसत्या बोटांनी घासला. तिची बोटं सोड्याने लाल होऊन सोलवटली, पण निळा रंग परत आला नाही. तिने मला खडा खाली करून पुन्हा कट्ट्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कान्शायिमने मला उलटं केलं. "म्हणजे खडाही रंगवलेला," ती म्हणाली.

'मीच ही अंगठी उकळली' एवढं बालझान म्हणाली असती तर? पण तिचं तोंड उघडलं नाही. आईने एक गोष्ट लाजेने लपवली होती, लेकीने दुसरी भीतीने. मी मध्ये नुसती तळमळत होते.

कान्शायिमने फार आरडाओरडा केला नाही. तिने फक्त सांगितलं, "गुरुवारी सुट्टी आहे. शिमकेंतला जाऊन येते. जिची वस्तू तिला दिलेली बरी." कुदागीची अंगठी परत करणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. सोयरीक संपली, मुलगी घेऊन जा. बालझानच्या हातून चहा दस्तरखानावर, खाण्यापिण्यासाठी अंथरलेल्या कापडावर, सांडला. तिने तो पुसला, आत गेली आणि स्वतःचे कपडे घड्या करून पिशवीत ठेवू लागली. कान्शायिमने ते दारातून पाहिलं आणि मला रुमालात गुंडाळून बाहेर पडली.

दोन तासांच्या प्रवासात तिने मला बारा वेळा तरी बाहेर काढून पाहिलं असेल. विहिणीला सुटायला जागा राहू नये म्हणून तिला आधी पुरावा हवा होता. त्यासाठी ती बाजारात उतरली. पहिल्या सोनाराने मला हातात घेतलं, रव्यांचं काम पाहिलं आणि मागच्या गल्लीकडे बोट केलं. हे काम ज्याचं आहे त्यालाच विचारा, म्हणाला.

ओतेगेनने मला लगेच ओळखलं. तरी कसोटीवर घासून, वर तेजाबाचा थेंब सोडून तिला दाखवलं. "चांदी आहे. तीन चमचे वितळवलेत तिने, माझ्या डोळ्यांसमोर."

"चमचे?" कान्शायिमने विचारलं.

"चहाचे. तेवढेच होते तिच्याकडे."

कान्शायिमने दुसऱ्या हातातली जुनी अंगठी काढून त्याच्यापुढे आपटली. "मग हिचं काय? दहा वर्षं झऱ्याच्या त्याच गंधकाच्या पाण्यात आहे. एवढासा डाग नाही."

त्याने ती अंगठी नुसती तळहातावर तोलली. "ही चांदीच नाही बाई, हिला काय होणार? गंधकाला चांदी बरोबर ओळखू येते. तुमची अंगठी ज्या घरातून आली ते घर खरं होतं, म्हणून ती काळी पडली."

मग त्याने डोळ्याला भिंग लावून खडा पाहिला. "हा मी बसवला तेव्हा निळा होता," तो म्हणाला. "याला कोणीतरी सोड्यात उकळलंय. वर तेल चोळलंय, घासलंय. तुम्ही केलंत?"

"नाही."

"घरात आणखी कोण असतं?"

"सून."

ओतेगेनने भिंग खाली ठेवलं. "तिला एवढी कशाची भीती वाटली असेल?"

कान्शायिम खिडकीखालच्या स्टुलावर बसली. तिचा हात माझ्यावर मिटलेला होता. सुनेची सोलवटलेली बोटं चहा ओतताना रोज तिच्यासमोर येत होती. तिने ती पाहिली होती आणि कामाची सवय नाही पोरीला, असं मनात म्हणाली होती.

तिथून ती उल्बोसिनकडे गेली. दार उघडताच उल्बोसिनची नजर आधी तिच्या मोकळ्या बोटांवर पडली. तरी तिने आत बोलावलं, बावर्साक म्हणजे तळलेले कणकेचे गोळे ठेवले, चहा ओतला. पेल्यात अगदी थोडा ओतला, म्हणजे बसा, अजून ओतायचा आहे. कान्शायिमने मला दस्तरखानावर ठेवलं.

"कुदागी, ही परत घ्या," ती म्हणाली.

उल्बोसिनने किटली खाली ठेवली.

"तोडायला आलेले नाही मी. घरून निघाले तेव्हा मनात तेच होतं, ते खरं आहे. पण तुम्ही हे आभार आगाऊ मानलेत आणि मला ते पेलले नाहीत. तुमच्या लेकीसाठी मी अजून काहीच केलेलं नाही. केलं तर द्या. नाही केलं तर देऊ नका."

उल्बोसिन खाली बसली. माझा हिरवा पडलेला खडा पाहत म्हणाली, "काळी पडणार, हे मला घडवणाऱ्या उस्ताने सांगितलं होतं. कामाला जाताना काढायला सांगा, खड्याला जपायला सांगा, सगळं बजावलं होतं. मला सांगायची लाज वाटली."

"तुम्हाला लाज वाटली आणि मी धाक घातला," कान्शायिम म्हणाली. "दोघींनी मिळून पोरीलाच उकळलं म्हणायचं."

पुढचं मी बालझानकडून ऐकलं. कान्शायिम घरी पोचली तेव्हा पिशवी दाराशी तयार होती आणि बालझान कोट घालून तिच्यावर बसली होती. कान्शायिमने पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने चहा केला, सुनेला बसवून तिच्यापुढे पेला ठेवला आणि मेंढीच्या चरबीचं मलम तिच्या बोटांना लावत म्हणाली, "सोडा हाताला लावायची वस्तू आहे का?" एवढंच. पण बालझान तेव्हा पहिल्यांदा त्या घरात मोठ्याने रडली. त्यानंतर कान्शायिम एकदम गोड झाली असं समजू नका. चहा तिला अधूनमधून फिका लागतच राहिला.

मी वर्षभर उल्बोसिनच्या पेटीत होते, मऊ फडक्यात, शेजारी ओल ओढून घ्यायला खडूचा तुकडा. जागा उत्तम होती, तरी माझा जीव टांगणीला लागला होता. पुढच्या शरदात ती मला घेऊन लेकीकडे गेली. पण तिने मला विहिणीला दिलं नाही, लेकीच्या हातात ठेवलं. "मागच्या वेळी मी घाई केली. या वेळी द्यायची की नाही, ते तू ठरव."

बालझानने मला अकरा दिवस आपल्या कपड्यांत लपवून ठेवलं. एखाद्या संध्याकाळी मला बाहेर काढायची, सासूच्या खोलीकडे दोन पावलं टाकायची आणि परत फिरायची. सासू त्या दिवशी काहीतरी लागेल असं बोललेली असायची. आईच्या घाईने काय झालं, हे तिने पाहिलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी कान्शायिमने पेला तोंडाला लावला आणि म्हणाली, "आज पण फिकाच."

"चहा कालच्याइतकाच कडक आहे, अपा," बालझान शांतपणे म्हणाली. "तुमचीच जीभ गंधकाने बधिर झालीये."

मी आतून ऐकत होते. मग कान्शायिमला हसू फुटलं, आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसत राहिली.

ती कामावरून आली तेव्हा बालझानने तिचा हात धरला आणि मला तिच्या दोन बोटांत सरकवलं. "एक अट आहे. कामावर घालून गेलात तर मी काढून घेईन."

"घे," कान्शायिम म्हणाली. तिने हात मागे घेतला नाही, बराच वेळ सुनेच्या हातातच राहू दिला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कान्शायिमने काम सोडलं आहे. दर शुक्रवारी बालझान कोरड्या कापडाने माझी चांदी पुसते आणि खड्याभोवतीचे रवे मऊ ब्रशाने झटकते. खडा हिरवाच राहिला. पाहुण्या बायका कधी कधी विचारतात, हा कुठला खडा? तेव्हा कान्शायिम बेधडक सांगते, "फिरोजा आहे. माझ्या धाकाने हिरवा पडलाय." बायका हसतात, त्यांना ती थट्टा वाटते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कमी पैशांतही खरी चांदी, खरा खडा जरूर घ्या. शिक्का पाहा, चुंबक लावून पाहा, विकणाऱ्याला न लाजता चार प्रश्न विचारा. घरी आणल्यावर घामापासून, अत्तरापासून, साबणापासून जपा. सगळ्यात शेवटी घाला, सगळ्यात आधी काढा. कोणाला भेट दिलीत तर ती कशी सांभाळायची, तेही त्याच वेळी सांगा, चारचौघांत सांगावं लागलं तरी. आणि तुमच्या घरात कोणी तुमची नजर चुकवून काही घासत बसलेलं दिसलं, तर ती वस्तू हातातून काढून घ्या, बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा.